जमिनीखालचे लष्कर

बटाटा काढणीच्या दिवसांत एखाद्या वाफ्यात असे दिसते की वरचा पाला तर बरा होता, पण खालचा बटाटा भोकाभोकांचा निघाला. कुदळीच्या घावाबरोबर मातीतून तांबूस मुंग्यांचा घोळका उसळतो, क्षणभर सैरावैरा धावतो आणि पाहता पाहता ढेकळांखाली दिसेनासा होतो. शेतकरी म्हणतो, वाळवी लागली. शेजारी म्हणतो, हुमणी असेल. दुकानदार काहीच न म्हणता पावडरीची पिशवी पुढे करतो. ती पावडर त्याच मातीत पडते ज्या मातीतला बटाटा दोन महिन्यांनी आपल्या ताटात येणार असतो. म्हणून या पानावर आज त्या तांबूस मुंगीची नीट ओळख करून घेऊ. शत्रू कोण हे कळल्यावाचून औषध विकत घेणे म्हणजे पैसा आणि प्रकृती दोन्ही घालवणे आहे.

या मुंगीचे शास्त्रीय नाव डोरायलस ओरिएंटालिस. वेस्टवूड नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८३५ साली तिचे वर्णन केले. ती 'लष्करी मुंगी' या गटातली आहे. इथे एक खुलासा आधीच केलेला बरा. मक्यावर पडणारी लष्करी अळी, जी २०१८ साली प्रथम कर्नाटकात सापडली आणि मग देशभर पसरली, तिच्याशी या मुंगीचा काडीचा संबंध नाही. ती पतंगाची अळी, ही मुंगी. दोघींची नावे सारखी पडली ती दोघी झुंडीने चाल करून जातात म्हणून.

आपण जयेंद्रगंजवासी लष्करातच राहतो, तेव्हा हा शब्द आपल्याला परका वाटू नये. किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, ती पुन्हा उठलीच नाही आणि तिचेच शहर झाले. लष्करी मुंग्यांची छावणी याच्या नेमकी उलट असते. ती आज इथे, उद्या तिथे. कायमचे वारूळ नाही, धान्याचे कोठार नाही, येण्याजाण्याचे ठरलेले दार नाही. राणी, अंडी, अळ्या, कोष असा सगळा बाडबिस्तरा उचलून ही वसाहत जागा बदलते.

साध्या मुंगीत आणि लष्करी मुंगीत फरक काय? आपल्या स्वयंपाकघरातली मुंगी पाहा. एक टेहळणीला निघते, साखर सापडली की परत जाऊन बाकीच्यांना घेऊन येते. लष्करी मुंगी एकटी कधी निघत नाही. ती निघते तीच शेकड्यांनी-हजारांनी, सावज सापडण्याच्या आधीच. दुसरे म्हणजे वसाहतीचे हे फिरते बिऱ्हाड. तिसरे तिची राणी. इतर मुंग्यांच्या नव्या राण्यांना पंख असतात. पहिल्या पावसानंतर त्या उडतात, जमिनीवर उतरून पंख टाकतात आणि एकटीने नवे घर मांडतात. लष्करी मुंगीच्या राणीला जन्मभर पंख नसतात. ती आंधळी आणि पोटाने अवाढव्य असते. आफ्रिकेतल्या एका भाईबंद जातीची राणी महिन्याकाठी तीस लाखांवर अंडी घालत असावी असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवी राणी तयार झाली की जुन्या वसाहतीचेच दोन भाग होतात, आणि प्रत्येक राणीबरोबर हजारो कामकरी मुंग्या चालत्या होतात. एका घरातल्या दोन चुली वेगळ्या व्हाव्यात तसे.

पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशी माणसाला मुंगीकडे पाठवले आहे हे वाचकांना ठाऊक असेलच. तिला ना नायक, ना मुकादम, तरी ती सुगीत धान्य साठवते असे तिथे म्हटले आहे. ती साठवण करणारी मुंगी निराळी. लष्करी मुंगी साठवणीचे नावही काढत नाही. पण नायक नसणे मात्र या लष्करालाही तंतोतंत लागू आहे. या सैन्याला सेनापती नाही. राणी हुकूम सोडत नाही, ती फक्त अंडी घालते. पुढची मुंगी जमिनीवर वासाचा माग सोडते, मागची त्या वासावर चालते, आणि पुढची जरा पुढे जाऊन मागे वळली की तिची जागा दुसरी घेते. एवढ्या साध्या नियमावर लाखोंचा कारभार चालतो.

कधी कधी तो फसतोही. अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात, म्हणजे आजच्या गयाना देशात, अशी एक रांग पाहिली की जिचा माग चुकून स्वतःलाच येऊन मिळाला होता. १९२१ साली त्यांनी ती हकीकत छापली. सुमारे बाराशे फूट घेराचे ते रिंगण, एका मुंगीला एक फेरा घालायला अडीच तास लागत होते. प्रत्येक जण पुढच्याच्या मागे, आणि पुढचा कोणीच नाही. बऱ्याच मुंग्या चालून चालून मेल्या.

आता ओळखीकडे वळू. त्यासाठी फार काही लागत नाही. एक पांढरी बशी आणि शाळेतल्या मुलांकडे असते तसले साधे भिंग पुरे.

बशीत दहा-पंधरा मुंग्या घ्या. पहिली गोष्ट, आकार पाहा. एकाच घोळक्यात लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या मुंग्या दिसतील; काही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या, काही त्याच्या दुप्पट. मोठीचे डोके चौकोनी, अंगाच्या मानाने मोठे. रंग तांबूस ते पिवळसर तपकिरी, अंग गुळगुळीत आणि चकचकीत. स्पर्शिका आखूड. दुसरी गोष्ट, आणि हीच खरी खूण, भिंगातून डोके पाहा: डोळे नाहीत. इतर बहुतेक लाल मुंग्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके दिसतात, इथे ते शोधून सापडणार नाहीत. तिसरी, छाती आणि पोट यांच्यामधल्या बारीक कंबरेला एकच गाठ असते. उजेडात आणली की ही मुंगी अस्वस्थ होते आणि खाली घुसण्याची जागा शोधते.

वाळवीची गोष्ट वेगळी. तिला कंबरच नसते, अंग मऊ आणि फिकट असते, आणि ती जाईल तिथे मातीचे अस्तर लिंपत जाते. हुमणी ही पांढरी जाड अळी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली. ती बटाट्याला रुंद, उथळ खड्डे पाडते. मुंगीने खाल्लेल्या बटाट्याला बाहेरून लहान गोल भोके दिसतात आणि चिरला की आत पोखरलेले असते. झाड उभे असतानाही संशय घेता येतो: पाणी असून भर उन्हात एखाददुसरे झाड मान टाकते, उपटले तर मुळांची आणि बुंध्याची साल कुरतडलेली असते.

या मुंगीचा नर मात्र आपण सर्वांनी, न ओळखता, पाहिलेला असण्याचा संभव आहे. पावसाळ्याच्या सुमारास रात्री दिव्यावर एक जाडसर, पिवळट तपकिरी, पंखांचा किडा येऊन आपटतो आणि फरशीवर गरगरतो. डोळे मोठे, पोट लांबट गोल, सॉसेजसारखे. आफ्रिकेत राहिलेल्या इंग्रजांनी त्याला 'सॉसेज माशी' असेच नाव दिले होते. हा गांधीलमाशीसारखा दिसतो म्हणून घरात आरडाओरडा होतो, पण नराला नांगी नसते. हाताने उचलून बाहेर टाकावा, इतकेच.

माणसे फसतात यात नवल नाही, खुद्द लिनियस फसले. सगळ्या जीवसृष्टीला दुहेरी नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या या स्वीडिश पंडिताने १७६४ साली आफ्रिकेतल्या अशाच एका नराचे वर्णन केले ते गांधीलमाशी समजून. पुढे १७९३ मध्ये फॅब्रिशियस यांनी डोरायलस हे कुल स्थापन केले. कामकरी मुंग्यांना निराळेच नाव मिळाले. आणि १८६३ साली जर्मन शास्त्रज्ञ गेर्स्टेकर यांच्या हाती जावामधली एक राणी लागली, तेव्हा तिला आणखी तिसरे नाव पडले. नवरा, बायको आणि मुले तिघांची नावे तीन वेगळ्या रेशनकार्डांवर लागावीत असा हा प्रकार. जमिनीखाली राहणाऱ्या जिवाचे असेच होते. पूर्ण कुटुंब एकत्र कुणाला दिसतच नाही.

भारतातल्या मुंग्यांच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले अधिकारी रॉटन यांनी पुण्यात आणि आसपास मुंग्या गोळा केल्या आणि १८९२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या मथळ्याने लेखमाला लिहिली. त्यांनी पाठवलेले नमुने स्वित्झर्लंडमधले डॉक्टर ऑग्युस्त फोरेल तपासत. हे फोरेल मूळचे मनोरुग्णांचे वैद्य. मुंग्या हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, आणि त्या उद्योगाने त्यांना जगभर नाव दिले. १८९० साली फोरेल यांनी दुसऱ्या एका लष्करी मुंगीला रॉटन यांचे नाव दिले. १९०३ मध्ये बिंगहॅम यांचा हिंदुस्थानातल्या मुंग्यांवरचा मोठा ग्रंथ आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या जाती-उपजाती ८२८ मोजल्या आहेत. त्यांतल्या लष्करी थोड्या.

रॉटन यांचे नाव मिळालेली ती मुंगी एनिक्टस कुलातली. या कुलाच्या मुंग्या डोरायलसपेक्षा बारीक. सगळ्या जवळजवळ एकाच मापाच्या, कंबरेला दोन गाठी, डोळे याही कुलाला नाहीत. त्यांतल्या काही जाती दिवसाढवळ्या जमिनीवर बारीक रांगेने चालताना दिसतात. त्यांचे भक्ष्य मुख्यतः दुसऱ्या मुंग्या. परक्या वारुळात घुसायचे, अळ्या आणि कोष उचलायचे आणि पोटाखाली धरून पळवायचे. अंगणात अशी रांग दिसली तर तिच्या वाटेस जाऊ नये. पिकाचे ती काही बिघडवत नाही. श्नायर्ला आणि रेयेस या दोघांनी १९६० च्या दशकात फिलिपीन्समध्ये एनिक्टसच्या दोन जातींचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की त्यांचे मुक्काम आणि कूच आळीपाळीने चालतात, आणि याचा मेळ अळ्यांच्या वाढीशी असतो. अळ्या भुकेल्या असल्या की फौज हलते, कोषात गेल्या की थांबते. घरात लहान मूल असले की घराचे वेळापत्रक तेच ठरवते, तसे.

डोरायलस कुलाचा मुख्य मुलूख आफ्रिका. तिथल्या काही जाती जमिनीवर येऊन चाल करतात आणि एकेका वसाहतीत कोट्यवधी मुंग्या असू शकतात. गावात फौज शिरली की माणसे घर सोडून बाहेर बसतात, आणि फौज पुढे गेली की परत येतात; तोवर घरातले झुरळ, उंदराची पिल्ले, ढेकूण सगळे साफ झालेले असते. चित्रपटांतून दाखवतात त्या मुंग्या या, आणि दक्षिण अमेरिकेतल्या. आपल्याकडच्या डोरायलस जातींचा स्वभाव तसा नाही. त्या जमिनीखालच्या जमिनीखाली राहतात, रात्री क्वचित पालापाचोळ्यात वर येतात.

आपली ओरिएंटालिस श्रीलंकेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, उत्तरेच्या मैदानांतून नेपाळ, बांगलादेश, आसाम, म्यानमार आणि पुढे दक्षिण चीनपर्यंत पसरलेली आहे. तिची बहीण डोरायलस लेबिएटस ही भारतीय द्वीपकल्पातली, ती शिकारी. राणीला पंख नसल्यामुळे या मुंग्यांचा पसार फार सावकाश होतो. जहाजातल्या मालाबरोबर जगभर गेलेल्या इतर मुंग्या पुष्कळ आहेत, पण लाखोंचे बिऱ्हाड पायी हलवणाऱ्यांना ते जमत नाही. नदीपलीकडे उडून जातो तो फक्त नर.

ओरिएंटालिसची खरी नवलाई तिच्या आहारात आहे. लष्करी मुंग्यांचे सगळे घराणे मांसाहारी, आणि ही एकटी कंदमुळांवर तुटून पडते. बटाटा, भुईमूग, फुलकोबी, पत्ताकोबी, ऊस, नारळाची रोपे, बागेतल्या डेलियाचे कंद, सगळे तिला चालते. प्राणिशास्त्रज्ञ रूनवाल यांनी १९७० च्या दशकात मुंबईच्या त्याच नियतकालिकात या मुळे खाणाऱ्या मुंगीची पिकांवरची कीड म्हणून सविस्तर नोंद केली. बिहार आणि आसामकडच्या बटाटा उत्पादकांना तिचा ताप चांगलाच ठाऊक आहे. आपल्या चंबळ खोऱ्यातही बटाटा मोठा, जमीन हलकी आणि भुसभुशीत, तेव्हा इथे डोळे उघडे ठेवलेले बरे.

जमिनीखालचा प्राणी अभ्यासावा कसा? मलेशियात जर्मन संशोधकांनी २००० च्या सुमारास युक्ती काढली. भोके पाडलेली बादली मातीने भरून, त्या मातीत पाम तेल मिसळून ती जमिनीत पुरली. तेलाच्या वासाने डोरायलसची तिथली एक जात आत आली आणि बादली उचलून पाहता येऊ लागले. त्यातून कळले की ही मुंगी नेहमीच आज लूट, उद्या कूच अशी वागत नाही. चांगले खाद्य सापडले की जमिनीखाली पक्के रस्ते करून आठवडेच्या आठवडे तिथेच येत राहते. शेतकऱ्याला हे समजून घेण्यासारखे आहे. वाफ्याच्या एका कोपऱ्यात मुंगी लागली तर ती आपोआप निघून जाईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

मग करावे काय? मुख्य खबरदारी शेणखताची. कच्चे, अर्धवट कुजलेले शेणखत या मुंगीला आवतण देते. पूर्ण कुजून काळे, भुसभुशीत आणि वास गेलेले असेल तेच शेतात घालावे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी. लागवडीपूर्वी रिकाम्या शेताला भरपूर पाणी द्यावे, म्हणजे खालचे बोगदे बुजतात. उभ्या बटाट्यात पाणी साचवू नये, त्याने कंद सडतात. पण जमीन फार वाळूही देऊ नये, पाळ्या नियमित द्याव्यात. लागवडीच्या वेळी निंबोळी पेंड मातीत मिसळणे चांगले. मातीची भर वेळेवर द्यावी. भर दिल्याने कंद झाकलेले राहतात आणि उन्हाने हिरवेही पडत नाहीत. हिरवा पडलेला बटाटा विषारी असतो, तो खाऊ नये हे घरातल्या सुनालेकींना सांगून ठेवावे. पाला वाळल्यावर पीक जमिनीत रेंगाळत ठेवू नये. पोखरलेले बटाटे निवडून बाजूला काढावेत, शीतगृहात पाठवू नयेत, बियाण्यालाही ठेवू नयेत. किडका भाग भरपूर कापून उरलेला त्याच आठवड्यात खायला हरकत नाही. एका शेतात दरवर्षी बटाट्यामागे बटाटा घेणे टाळावे.

कुंडीतल्या किंवा परसातल्या झाडाला ही मुंगी लागली, तर कुंडी रिकामी करून माती कडक उन्हात पसरावी आणि मुळे धुऊन नव्या मातीत लावावीत. औषधाची गरजच पडत नाही.

आता पावडरीबद्दल. पूर्वी मुंगी-वाळवीवर बीएचसी सर्रास टाकत, आणि आल्ड्रिनही. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे, आल्ड्रिनही बंद झाले. ही विषे जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, चाऱ्यातून जनावरांच्या चरबीत उतरतात. दुधातुपात आणि आईच्या दुधातसुद्धा त्यांचे अंश सापडले होते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादा विनाचिठ्ठीचा डबा अजून असेल तर तो वापरू नये, आणि गटारात किंवा विहिरीजवळ ओतूही नये. त्यांच्यानंतर आलेले क्लोरपायरिफॉस २०२५ साली स्टॉकहोम कराराखाली, काही सवलती ठेवून, जगभर बंद करावयाच्या यादीत घातले गेले. तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून कोणतेही औषध मातीत ओतू नये. दवाखान्यात मिळते ते स्पिरिट लहान बाटलीत घेऊन त्यात लहान-मोठ्या पंधरा-वीस मुंग्या टाकाव्यात, बरोबर एक पोखरलेला बटाटा घ्यावा आणि कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. ग्वाल्हेरला २००८ पासून राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आहे. तिथून जे लेखी सांगतील तेवढेच आणि तितकेच वापरावे. त्या शीतपेयाच्या बाटलीत औषध भरून ठेवण्याच्या सवयीबद्दल तर कितीदा सांगायचे! लहान मुलाला चिठ्ठी वाचता येत नाही, बाटली तेवढी ओळखता येते.

या मुंगीपासून माणसाला धोका नाही. ती चावते, पण तिचा डंख त्रासाचा नाही; साबणपाण्याने धुतले की झाले. डंखाने आग होते आणि दुसऱ्या दिवशी पू भरल्यासारखी पुळी येते ती लाल मुंगी निराळी. तिला डोळे असतात आणि ती उघड्यावर मातीचे ढिगारे करते. झाडाच्या खोडावर फिरणारी एक सडपातळ, काळ्या डोक्याची आणि लाल छातीची मुंगीही असते, तिचा डंख काही जणांना सोसत नाही. मुंगी कोणतीही असो, चावल्यावर अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर चुना-हळद लावत बसू नये. तडक जयारोग्य रुग्णालय गाठावे.

मुंगीच्या चिमट्याचा उपयोग आपल्या वैद्यांनी फार पूर्वी केला होता. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्यांना दंश करायला लावावा आणि मग त्यांचे धड तोडून डोके तसेच राहू द्यावे, असा विधी आहे. डोक्याचा चिमटा टाक्याचे काम करतो. आफ्रिकेत जखमेच्या टाक्यांसाठी डोरायलसचे मोठे शिपाई अशाच रीतीने वापरत.

बटाट्याची काढणी चालू असेल तेव्हा घरच्या मुलांना भिंग देऊन वाफ्यावर न्यावे. डोळे आहेत की नाहीत हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर दिसते.